‘तुमच्या शेजारी कोण राहतं?’



एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते, माझा शेजारी कोण? त्यावर प्रभूने दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली. ती आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या बेळगावात मात्र हाच प्रश्न वेगळ्या तोंडून, वेगळ्या कारणाने ऐकू येतो. दुपारची वेळ असते, जेवणे आटोपलेली असतात आणि दारात एक अनोळखी माणूस उभा असतो. “तुमच्या शेजारी कोण राहतं ओ?”

विचारणारे नाना प्रकारचे. शेजाऱ्याने कर्ज मागितलेले असते, म्हणून बँकेने पत्ता तपासायला पाठवलेला मुलगा. हप्ते थकले म्हणून आलेले वसुलीवाले. मुलीला स्थळ आलेले असते, म्हणून मुलाकडच्यांच्या वतीने आलेले एखादे काका. पासपोर्टच्या चौकशीचा पोलीस शिपाई, मतदार यादीचे काम करणारे शिक्षक, आशा कार्यकर्ती, कुरियरवाला. आणि कधीकधी असा कोणी, ज्याचे काम काय हे शेवटपर्यंत कळत नाही.

आमचे गाव तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. कॉलेजची मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे लष्करातली कुटुंबे येतात आणि बदली झाली की जातात. खानापूर, चंदगडकडची माणसे कामाला येऊन इथेच स्थिरावतात. अशा ठिकाणी माणसाची ओळख विचारायची तर शेजारीच गाठावा लागतो. आलेला माणूस आधी मराठीत सुरुवात करतो, जमले नाही तर कानडीत, नाहीतर हिंदीत. पुढचे प्रश्न तिन्ही भाषांत सारखेच. किती जण आहेत? करतात काय? मूळ कुठले? घरात कोणती भाषा बोलतात? कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे? सध्या घरी आहेत की गावाला गेलेत?

आणि आपण सांगतो. सहज सांगतो. विचारणाऱ्याने चांगला शर्ट घातलेला असेल, हातात फाईल असेल, तर न विचारलेलेही सांगतो. त्यात वाईट हेतू क्वचितच असतो. कोणी आपल्याला विचारतेय याचे थोडे अप्रूप असते, आणि गल्लीतले सगळे आपल्याला माहीत आहे हे दाखवण्यात एक सुख असते.

गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामात या सहज सांगण्याचे परिणाम आम्ही पाहिले आहेत. एका मुलीचे जमत आलेले लग्न मोडले. चौकशीला आलेल्यांना कोणीतरी सांगितले की पोर मधे वर्षभर घरीच होती, ‘काहीतरी आजार’ होता. तिला कावीळ झाली होती आणि त्यात परीक्षा बुडाली होती, इतकेच. पण ‘काहीतरी’ या शब्दात काय काय मावते ते तुम्ही जाणता. एका रिक्षावाल्या भावाच्या घरी वसुलीवाले आले तेव्हा तो घरी नव्हता. त्यांनी चार दारे वाजवून त्याच्या कर्जाचा आकडा मोठ्याने सांगितला, आणि त्या चार दारांतून त्यांना त्याच्या बायकोच्या कामाची जागा कळली. दुसऱ्या दिवशी ते तिथे जाऊन उभे राहिले. तिने ते काम सोडले.

या दोन्ही ठिकाणी शेजारी खोटे बोलले नव्हते. म्हणूनच ही गोष्ट आपण प्रार्थनेत घ्यायला हवी. आठवी आज्ञा शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही. मुले चटकन समजतात: खोटे बोलायचे नाही. पण खरे बोलूनही शेजाऱ्याचा घात होतो, हे समजायला मोठ्यांनाही वेळ लागतो.

पवित्र शास्त्रात याचे एक भयंकर उदाहरण आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे एकविसावे आणि बाविसावे अध्याय या आठवड्यात घरी जरूर वाचा. शौल राजापासून पळणारा दावीद नोब येथे अहीमलेख याजकाकडे आला. आपण राजाच्याच कामावर आहोत असे त्याने सांगितले. याजकाने विश्वास ठेवून त्याला पवित्र भाकर दिली आणि गल्याथाची तलवार दिली. तिथे दवेग अदोमी नावाचा शौलाचा एक माणूस होता. त्याने हे पाहिले. पुढे शौल आपल्या लोकांवर चिडून, मला कोणीच काही सांगत नाही असे म्हणू लागला, तेव्हा दवेग पुढे झाला आणि त्याने सांगून टाकले. भाकर दिली, तलवार दिली. दोन्ही खरे. फक्त एक गोष्ट त्याच्या सांगण्यात आली नाही: बिचाऱ्या याजकाला दावीद पळतो आहे हे माहीतच नव्हते. त्या अर्ध्या सत्यावर त्या दिवशी पंच्याऐंशी याजक मारले गेले, आणि नंतर नोब गावातली बायकापोरेही. राजाच्या शिपायांनी याजकांवर हात टाकायला नकार दिला होता. ते काम दवेगानेच केले. जो सांगायला पुढे झाला, तोच मारायलाही पुढे झाला.

आता दुसरे दार बघा. यरीहोच्या तटाला लागून राहाबेचे घर होते. राजाची माणसे तिच्या दारात आली आणि तुझ्याकडे आलेली माणसे बाहेर काढ म्हणाली. तिने त्यांना गच्चीवर जवसाच्या काड्यांखाली लपवले होते. ती म्हणाली, आली होती, पण गेली. हे खोटे होते. तरी इब्रीकरांस पत्र आणि याकोबाचे पत्र दोन्ही तिची वाखाणणी करतात, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव येते. मिसरातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनीही फारोला खरे सांगितले नाही, आणि देवाने त्यांचे बरे केले.

इथे आमच्या वर्गातली मोठी मुले हमखास विचारतात: मग जीव वाचवायला खोटे बोललेले चालते का? प्रश्न साधा नाही. ख्रिस्तसभेतल्या थोर आचार्यांनी त्यावर शतकानुशतके विचार केला. संत ऑगस्टिन यांचे मत कडक होते: खोटे ते खोटेच, कारण कोणतेही असो. पण याच ऑगस्टिननी असत्याविषयीच्या आपल्या ग्रंथात एक हकिकत सांगितली आहे. त्यांच्याच थागास्ते या गावी पूर्वी फिर्मुस नावाचे एक बिशप होऊन गेले. सम्राट अजून ख्रिस्ती झाले नव्हते तो काळ. राजाच्या रोषातून पळालेला एक माणूस त्यांच्या आश्रयाला आला आणि त्यांनी त्याला लपवला. सम्राटाची माणसे शोधत आली. बिशप त्यांना एवढेच म्हणाले की मला खोटे बोलता येत नाही, आणि माणूस तुमच्या हाती देताही येत नाही. त्यांचे हालहाल केले, तरी ते बधले नाहीत. शेवटी त्यांना सम्राटासमोर उभे केले, तेव्हा सम्राट त्यांच्या वागण्याने इतका भारावला की त्याने त्या लपलेल्या माणसालाच माफी दिली. लॅटिनमध्ये फिर्मुस म्हणजे दृढ. नावाप्रमाणे माणूस.

ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “ही तर आमच्या मावशीसारखी गोष्ट झाली.” आणि सगळे हसले, कारण ती मावशी आणि ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

मावशी सत्तरीच्या पुढच्या. मूळ गोव्याच्या, पण आयुष्य सगळे बेळगावच्या कॅम्पात गेलेले. त्यांच्या शेजारच्या खोलीत एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली होती. आपल्या धर्माची नव्हे. सासरी मार खाऊन बाहेर पडली होती आणि एका शिवणकामाच्या दुकानात कामाला जात होती. एका दुपारी मोटारसायकलवरून दोघे आले. मोबाईलवर तिचा फोटो दाखवून विचारू लागले, ही इथे राहते का? नातेवाईक आहोत, घरी म्हातारी आजारी आहे. आम्ही त्या वेळी जपमाळेच्या महिन्याचे वेळापत्रक द्यायला मावशींच्या घरी गेलो होतो, त्यामुळे पुढचे आमच्यासमोरच झाले.

मावशींनी त्यांना आधी बसायला खुर्च्या दिल्या. “बसा की. उन्हातनं आलाय.” पाणी दिले. मग म्हणाल्या, “कोण कुठं राहतं ते मी सांगत नाही. तुमचं नाव आणि नंबर लिहून द्या. ज्याचा निरोप असेल त्याला देईन.”

त्यातला एक चिडला. भिंतीवरच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाला, “तुम्ही देवाधर्माची माणसं. खोटं बोलणार काय?”

“खोटं कुठं बोलले बाळा?” मावशी म्हणाल्या. “राहत नाही असं म्हटलं का मी? खोटं बोलत नाही, आणि सांगतही नाही.”

दोघे आणखी थोडा वेळ बसले. आवाज चढला, उतरला. मावशी हलल्या नाहीत, आणि आमच्यासारखी दोन-चार माणसे आसपास आहेत हेही त्यांनी पाहिले. शेवटी कॅलेंडरच्या पानावर दोघांनी नंबर लिहिले आणि ते गेले. संध्याकाळी ती बाई कामावरून येण्याआधीच मावशींनी तिला फोन करून सारे सांगितले. एक नंबर नवऱ्याच्या मित्राचा होता. तो तिने फाडून टाकला, आणि गल्लीतल्या दोन बायांना बरोबर घेऊन ती पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आली. दुसरा नंबर तिच्या सख्ख्या भावाचा निघाला. चार दिवस विचार करून तिने त्याला स्वतः फोन केला. आई खरेच आजारी होती.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात मोठे वाटते ते हे. मावशींना त्या दोघांतला कोण चांगला, कोण वाईट हे ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते ठरवण्याचा आवही आणला नाही. तिच्याबद्दलची माहिती तिची होती. ती कोणाला द्यायची हे तिनेच ठरवायचे होते. मावशींनी फक्त तो निर्णय तिच्या हातात शाबूत ठेवला.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात २४८९ व्या परिच्छेदात स्पष्ट केले आहे की ज्याला सत्य जाणून घेण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. आणि २४७७ व्या परिच्छेदात, योग्य कारण नसताना दुसऱ्याचे दोष ते माहीत नसलेल्यांना सांगणे हे पापच म्हटले आहे. खोटा आळ घेणे हे वेगळे पाप. हे खरे दोष सांगण्याचे पाप आहे.

याचा अर्थ कोणालाच काही सांगायचे नाही असा नव्हे. ज्याचा हक्क आहे त्याला खरे सांगायलाच हवे. गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस आले तर ओळखपत्र पाहून, आपल्याला स्वतःला माहीत आहे तेवढे खरेखरे सांगावे. ऐकीव सांगू नये. कायद्याची भीती बाळगू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना साक्षीदार म्हणून चौकशीसाठी राहत्या घराबाहेर येण्याची सक्ती करता येत नाही. वसुलीवाल्यांची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या पत्रकात बजावले आहे की कर्जदाराची चारचौघांत बेअब्रू करू नये, त्याच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसू नये, आणि वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत. त्यांना शेजाऱ्याची माहिती देण्याचे आपल्यावर काहीही बंधन नाही.

लग्नाच्या चौकशीचेही तसेच. चर्चमधल्या लग्नाआधी वधूवरांची नावे जाहीर होतात ती उगाच नव्हे. १९८३ च्या कॅनन लॉमधल्या १०६९ व्या नियमाप्रमाणे, लग्नाला खरीखुरी बाधा असल्याचे ज्याला माहीत असेल त्याने ते विवाहापूर्वी धर्मगुरूंना किंवा बिशपांना सांगणे कर्तव्य आहे. मुलाचे आधीच लग्न झालेले असेल तर गप्प बसणे हे पुण्य नव्हे. पण ते सांगायची जागा फादरांचे ऑफिस आहे, दारात उभ्या राहिलेल्या काकांचा कान नव्हे.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. शेजारच्या घरात मूल किंवा बाई मार खात असेल तर ‘त्यांचा घरचा मामला’ म्हणून तोंड मिटणे ही राखण नव्हे. तिथे आपणच बोलायचे. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे नंबर घरात लिहून ठेवा. कसोटी एकच: माझ्या बोलण्याने दुबळ्याचे रक्षण होणार, की तो उघड्यावर पडणार?

दारात काय करावे हे मुलांना समजावे म्हणून आमच्या वर्गाने साध्या चार गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, आलेल्याला आधी आपण विचारायचे: तुमचे नाव काय, कुठून आलात, काम काय? खरे काम असलेला माणूस याचा राग मानत नाही. दुसरी, ‘त्यांनाच विचारा, नाहीतर निरोप ठेवा’ एवढेच म्हणायचे. तिसरी, शेजारी घरी आहेत की नाहीत, कधी येतील, म्हातारी एकटी असते का, हे कोणालाही सांगायचे नाही. चौथी, कोण येऊन काय विचारून गेले ते त्याच दिवशी शेजाऱ्याला सांगायचे. ही चौथी गोष्ट आपण विसरतो, आणि खरे शेजारधर्माचे काम तीच आहे.

पण विचारणाऱ्याशी तुसडेपणा नको. परका म्हणून आलो तेव्हा मला घरात घेतले, असे प्रभू शेवटच्या न्यायाच्या वेळी म्हणणार आहे. अब्राहामाने ममरे येथे भर दुपारी तिघा अनोळखी पाहुण्यांना पाणी आणि सावली दिली. बँकेचा तो मुलगाही कुणाचा तरी लेक आहे, उन्हात दिवसाला कितीतरी दारे वाजवणारा. त्याला पाणी द्यावे, सावलीत बसवावे. त्याच्यावर प्रेम करायचे म्हणून शेजाऱ्याची अब्रू त्याच्या फाईलमध्ये घालावी लागत नाही.

हे सगळे आपण दुसऱ्यांसाठी करतो असेही समजू नका. आपल्याबद्दलही दुसऱ्या दारात विचारले जाते. ऑक्टोबरात पवित्र मरियेची मूर्ती घरोघर जाते आणि संध्याकाळी जपमाळेला वीस-पंचवीस माणसे जमतात, हे आपल्याला नेहमीचे. पण बाहेरच्याला दिसतात त्या दारातल्या चपला. आमच्याकडे जपमाळ होती त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी दोघांनी शेजारच्या लिंगायत काकांना विचारले, यांच्याकडे एवढे लोक कशाला जमतात? कोण कोण येतं? नावे काय? काकांना आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे नाव माहीत आहे. त्यांची मुले आमच्या मुलांबरोबर मोठी झाली. काका म्हणाले, “प्रार्थना करतात. बाकी त्यांना विचारा, दार उघडंच असतं.” नंतर कुंपणाशी येऊन त्यांनी आम्हाला हे सांगितले, आणि पुढच्या आठवड्यातली जपमाळ कुणाच्या घरी आहे तेही विचारले, कारण काकूंना यायचे होते.

लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, असे प्रभू सांगतो. काकांनी ते आमच्यासाठी केले. त्यांच्याबद्दल विचारायला कोणी आमच्या दारात आले तर आमच्या तोंडून काय निघावे, हे आता वेगळे शिकायची गरज उरली नाही.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू अनोळखी होऊन आमच्या दारात येतोस, आणि तूच आमच्या शेजाऱ्याच्या घरात राहतोस. दारात आलेल्याला पाणी देणारे हात आम्हाला दे, आणि शेजाऱ्याची अब्रू जपणारी जीभ दे. जिथे बोलायला हवे तिथे आम्हाला धीर दे. जिथे गप्प राहायला हवे तिथे आमच्या ओठांवर पहारा ठेव. आश्रयाला आलेल्या, लपून राहणाऱ्या, कर्जाने पिचलेल्या आणि घरात एकट्या असणाऱ्या सर्वांना चांगले शेजारी मिळू देत, आणि ते शेजारी आम्ही असू देत. आमेन.